चीज क्रॅकर कुठल्या डाएटमध्ये बसतात आणि किती बसतात

डाएट सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात वडापाव सुटतो, फरसाण सुटतं, चहातली साखरही सुटते. चीज क्रॅकरचा पुडा मात्र फळीवर तसाच राहतो. तळलेला वाटत नाही, गोड लागत नाही, वर ‘चीज’ लिहिलेलं. म्हणजे थोडंफार प्रोटीनही पोटात जातंय अशी मनाची समजूत असते. ही समजूत काही डाएटमध्ये थोडी खपते, काहींत अजिबात खपत नाही. कारण प्रत्येक डाएटची नजर वेगळ्या आकड्यावर असते. वजनवाल्याला कॅलरी, कीटोवाल्याला कार्ब, बीपीवाल्याला सोडियम, किडनीच्या रुग्णाला पुड्यावर छापलेलाच नसलेला फॉस्फरस. आपला आकडा कुठला ते ठरवा, मग पुडा उलटा करा.

आधी घटक वाचा

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. बहुतेक पुड्यांवर पहिलं नाव मैदा, दुसरं खाद्यतेल, तेही बहुधा पामतेल. चीज त्यानंतर कुठेतरी येतं. त्याच्यापुढे टक्के लिहिलेले असतात, तो आकडा बघाच. आपल्याकडच्या पुड्यांवर तो बऱ्याचदा एक आकडी असतो. समजा चीज 4 टक्के आहे. मग 30 ग्रॅम क्रॅकरमध्ये चीज झालं 1.2 ग्रॅम, म्हणजे 25 ग्रॅमच्या क्यूबचा जेमतेम विसावा भाग. चीजमधून प्रोटीन मिळतं हे खरं, पण इतक्याशा चीजमधून काय मिळणार!

मग चीजची ती चव येते कुठून? चीज पावडर, व्हे पावडर (चीज करताना निथळणाऱ्या पाण्याची पूड), यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि चव खुलवणारी आयएनएस 621, 627, 631 ही मंडळी. आयएनएस म्हणजे अन्नात घातलेल्या पूरक द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक. भाजून झालेल्या क्रॅकरवर तेलाचा फवारा मारतात आणि त्यावर हा मसाला भुरभुरतात. बोटांना लागते ती पिवळी पूड हीच. ‘बेक्ड आहे, तळलेला नाही’ या वाक्याला म्हणूनच फार भाव देऊ नका. तेल कढईतून आलं नसलं तरी पिठातून आणि फवाऱ्यातून आलेलंच असतं. शेवटी बघायचं ते मेदाच्या रकान्यात.

प्रोसेस्ड चीजबद्दलही दोन गोष्टी सांगायला हव्यात, पुढे त्या लागणार आहेत. नैसर्गिक चीज तापवलं की त्यातलं तूप वेगळं सुटतं. स्वित्झर्लंडमधल्या थुन गावी 1911 मध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी त्यात सोडियम सायट्रेट घालून ते एकजीव वितळवलं. अमेरिकेत जेम्स क्राफ्टने 1916 मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आजही काम तेच चालतं, फक्त सायट्रेटच्या जोडीला फॉस्फेटचे क्षारही वापरतात. त्यामुळे प्रोसेस्ड चीजमध्ये मिठाशिवायचं सोडियमही असतं आणि जास्तीचा फॉस्फरसही.

मग आकडे, आणि तेही दर 100 ग्रॅमचे

पुड्याच्या मागे दोन रकाने असतात: एक दर 100 ग्रॅमचा, दुसरा ‘प्रति सर्व्हिंग’. सर्व्हिंग किती ग्रॅमचं ते कंपनी ठरवते. कुणी 15 ग्रॅम धरतं, कुणी 25, कुणी 30. दोन पुड्यांची तुलना करायची तर 100 ग्रॅमचाच रकाना धरा, नाहीतर लहान सर्व्हिंगवाला पुडा उगाच साधा वाटतो.

या लेखातल्या हिशेबासाठी एक नमुना पुडा धरू. दर 100 ग्रॅमला ऊर्जा 500 किलोकॅलरी, कार्ब 60 ग्रॅम, तंतू 2 ग्रॅम, प्रोटीन 9 ग्रॅम, एकूण मेद 25 ग्रॅम, त्यातला संपृक्त (सॅच्युरेटेड) मेद 11 ग्रॅम, सोडियम 900 मिलिग्रॅम. बाजारातले बरेच चीज क्रॅकर याच्या आसपास असतात. तुमच्या पुड्याचे आकडे वेगळे असतील तर ते घालून हाच हिशेब करा.

30 ग्रॅमला, म्हणजे 0.3 ने गुणून, मिळतात 150 किलोकॅलरी, 18 ग्रॅम कार्ब, 2.7 ग्रॅम प्रोटीन, 7.5 ग्रॅम मेद, 3.3 ग्रॅम संपृक्त मेद आणि 270 मिलिग्रॅम सोडियम. भारतीय लेबलावर रोजच्या गरजेचे टक्के काढताना 2000 किलोकॅलरी, 67 ग्रॅम मेद, 22 ग्रॅम संपृक्त मेद आणि 2000 मिलिग्रॅम सोडियम हे आकडे धरतात. त्या मापाने 30 ग्रॅममध्ये कॅलरी साडेसात टक्के, पण संपृक्त मेद 15 टक्के आणि सोडियम साडेतेरा टक्के. पोटापेक्षा जिभेचीच सोय जास्त, हे आकड्यांतच दिसतं.

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. ब्रिटनमध्ये सोडियमऐवजी मीठ छापतात, त्याला 2.5 ने भागलं की सोडियम मिळतं. 100 ग्रॅममध्ये दीड ग्रॅमपेक्षा जास्त मीठ असेल तर तिथल्या पुड्यांवर सिग्नलसारखे रंग छापतात, त्यांत ते लाल ठरतं. आपला नमुना पुडा सव्वादोन ग्रॅमवर आहे. अमेरिकी लेबलावरच्या कार्बमध्ये तंतू धरलेले असतात, ब्रिटन-युरोपात ते वेगळे दाखवतात. नेट कार्ब (तंतू सोडून उरलेले कार्ब) काढताना अमेरिकी आकड्यातून तंतू वजा करायचे, ब्रिटिश आकड्यातून नाही. तिथे आधीच वजा झालेले असतात, पुन्हा केले तर हिशेब खोटा पडतो.

‘ट्रान्स फॅट शून्य’ हा दावा सहसा खरा असतो. भारतात जानेवारी 2022 पासून तेला-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटला 2 टक्क्यांची मर्यादा आहेच. फक्त त्या शून्यावर समाधान मानून खालची संपृक्त मेदाची ओळ वाचायची राहू नये. ‘मल्टिग्रेन’ लिहिलं असेल तर ती धान्यं यादीत कितवी आहेत ते बघा. मैदा 58 टक्के आणि नाचणी 2 टक्के असली तरी पुढच्या बाजूवर नाचणीचं कणीस ऐटीत छापलेलं असतं.

तिसरी पायरी: वजनकाटा

हे काम एकदाच करायचं आहे. काट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. वाटीत 30 ग्रॅम क्रॅकर टाका आणि मोजा. मोठे चौकोनी असतील तर नग मोजा, बारीक फुगीर असतील तर वाटी किती भरली ते बघा. तो आकडा डब्याच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी काटा नको.

पुड्यातून थेट खाऊ नका. टीव्हीसमोर 80 ग्रॅमचा पुडा संपायला वेळ लागत नाही, आणि 80 ग्रॅम म्हणजे 400 किलोकॅलरी, 48 ग्रॅम कार्ब, 720 मिलिग्रॅम सोडियम. यात स्वभावदोषापेक्षा पदार्थाच्या बनावटीचा हात मोठा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने 2019 मध्ये 20 जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधं जेवण, आणि दोन्हींत हवं तितकं खायची मुभा. अतिप्रक्रियायुक्त जेवणावर लोकांनी दिवसाला सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खाल्ल्या, आणि भराभर खाल्ल्या. क्रॅकर तोंडात विरघळतो, चावायला लागत नाही, पोटाला खबर लागेपर्यंत वाटी रिकामी झालेली असते.

वजन कमी करताना

कॅलरी मोजून खाणाऱ्याला चीज क्रॅकर वर्ज्य नाहीत. 1500 किलोकॅलरीच्या दिवसात 150 बसवता येतात. पण त्या जागी दुसरं काय बसलं असतं तेही बघा. 30 ग्रॅम कणकेचा तेल न लावलेला फुलका साधारण 100 किलोकॅलरीचा. 30 ग्रॅम भाजलेले फुटाणे 110 च्या आसपास, त्यात प्रोटीन 6 ते 7 ग्रॅम आणि तंतू भरपूर. 30 ग्रॅम कुरमुरे तेवढ्याच कॅलरीचे, पण दोन मोठे वाडगे भरतात. क्रॅकर या तिघांसमोर महाग पडतात.

तरी खायचेच असतील तर निम्मे घ्या आणि बाकीचं पोट दुसऱ्याने भरा. 15 ग्रॅम क्रॅकर, सोबत काकडी-गाजराचे तुकडे आणि एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर घट्ट दही. क्रॅकरचे 75 आणि बाकीचे शंभर-सव्वाशे. एवढ्यावर जेवणापर्यंत तग धरता येतो. नुसते 30 ग्रॅम क्रॅकर खाल्ले तर तासाभरात पुन्हा फळीकडे हात जातो.

पार्टीतल्या खाऱ्या बिस्किटांवरच्या कॅनपेंचा हिशेब वेगळा. बिस्किटावर चीज स्प्रेड, त्यावर टोमॅटो, त्यावर शेव. टोमॅटो सोडला तर तिन्ही थर मेद आणि मिठाचे. शेवेऐवजी डाळिंबाचे दाणे किंवा मोड आलेले मूग, स्प्रेडऐवजी टांगलेलं दही मिरपूड घालून. ऐनवेळी लावा, नाहीतर दह्याने बिस्किट पाच-दहा मिनिटांत मऊ पडतं.

दोन वेळा जेवणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात दीक्षित डाएट घराघरांत पोचलं आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी व्याख्यानांतून मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेला. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं, मधे काही खायचं नाही. प्रत्येक खाण्यासोबत इन्सुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी, असा त्यामागचा तर्क.

यात क्रॅकरची जागा सरळ आहे: मधल्या वेळेत एकही नाही. ‘दोनच तर आहेत, दहा ग्रॅमही नसतील’ ही पळवाट इथे चालत नाही, कारण इथे मोजमाप वेळांचं आहे, ग्रॅमचं नाही. खायचे तर त्या 55 मिनिटांत, जेवणाचा भाग म्हणून, भाजी-आमटी-उसळ झाल्यावर. गोडाला मज्जाव असतो, तेव्हा घटकांत साखर असलेले क्रॅकर तिथेही टाळा. चीज क्रॅकरमध्ये साखर सर्रास असते, खारट चवीखाली ती कळत नाही.

16:8 च्या इंटरमिटंट फास्टिंगलाही हेच लागू. आठ तासांची खिडकी उघडताना मात्र पहिला घास क्रॅकरचा नको. सोळा तासांच्या रिकाम्या पोटी मैदा आणि मीठ पडलं की खाण्यावरचा ताबा तिथेच सुटतो. आधी जेवण, मग उरलीच जागा तर क्रॅकर.

कीटो आणि लो-कार्ब

कीटो म्हणजे कार्ब अगदी कमी करून मेदावर भर देणारं डाएट. त्यात दिवसभराचे नेट कार्ब साधारण 20 ते 50 ग्रॅम. नमुना पुड्याच्या 30 ग्रॅममध्ये तंतू वजा जाऊन 17.4 ग्रॅम. म्हणजे कडक कीटोवाल्याचा जवळजवळ सगळा दिवस एका वाटीत संपला. नावात चीज असल्यामुळे कीटो गटांत हे क्रॅकर कुणीतरी सुचवतं, ऐकू नका.

इथे मात्र चीज स्वतः उपयोगी पडतं. प्रोसेस्ड चीजच्या 100 ग्रॅममध्ये प्रोटीन साधारण 20 ग्रॅम, मेद 25 ग्रॅमच्या आसपास आणि कार्ब अगदी थोडे. स्लाइसपासून मायक्रोवेव्हमध्ये कुरकुरीत चकत्या होतात.

एक स्लाइस तीन बाय तीन करून नऊ तुकड्यांत कापा. मायक्रोवेव्हच्या काचेच्या ताटलीवर बेकिंग पार्चमेंट पसरा आणि तुकडे दोन-दोन बोटं अंतर ठेवून मांडा. फुगून पसरतात, जवळ ठेवले तर एकमेकांना चिकटतात. पूर्ण शक्तीवर 60 सेकंद. बुडबुडे येऊन तुकडे फुगतील. मग दहा-दहा सेकंदांनी वाढवा. बुडबुडे थांबले आणि कडा किंचित सोनेरी झाल्या की बाहेर काढा. दोन मिनिटं हात लावू नका, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो.

मध्यभाग चिवट राहिला तर पाणी उडालेलं नाही, आणखी दहा सेकंद द्या. तपकिरी झालं तर कडू लागतं, ते टाकूनच द्यावं लागतं. आणि साधा मेणाचा बटर पेपर वापरू नका. मेण वितळून चीजला चिकटतं आणि तुकडे कागदासकट निघतात. या चकत्यांत कार्ब नगण्य, पण सोडियम स्लाइसमधलं सगळंच उतरतं. बीपी असेल तर एका स्लाइसवर थांबा.

मधुमेह असेल तर

कार्ब मोजून खाणारे 15 ग्रॅम कार्बचा एक हिस्सा धरतात. नमुना पुड्याचे 25 ग्रॅम क्रॅकर म्हणजे बरोबर एक हिस्सा. एवढे खाल्ले तर जेवणातला तेवढाच भात किंवा अर्धी-पाऊण भाकरी कमी करावी लागेल. मैद्याची साखर लवकर चढते. पण क्रॅकरमधल्या तेलामुळे ती जरा उशिरा चढते आणि उशिरा उतरते. म्हणून तासाभराने ग्लुकोमीटर बरा आकडा दाखवेल आणि खरी चढण नंतर दिसेल.

आपल्या शरीराचं उत्तर आपणच काढा. खाण्याआधी साखर तपासा, मोजून 25 ग्रॅम खा, पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा तपासा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेवढेच क्रॅकर, पण आधी काकडी-टोमॅटो आणि मूठभर फुटाणे खाऊन. फुटाण्यांचे कार्ब वाढूनही अनेकांचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा फार चढत नाही. तंतू आणि प्रोटीन आधी पोटात गेल्याचा तो परिणाम.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. साखर 70 च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरू लागले, तर क्रॅकर देऊ नका. त्यातलं तेल साखर चढू देण्यात वेळ काढतं. तेव्हा तीन चहाचे चमचे साखर किंवा 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजूनही 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीत नसेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

ब्लडप्रेशर, हृदय आणि डॅश डाएट

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत सोडियम सांगते, म्हणजे 5 ग्रॅम मीठ, एक सपाट चहाचा चमचा. डॅश डाएट म्हणजे ब्लडप्रेशर उतरवण्यासाठी आखलेला आहार, त्याच्या कडक प्रकारात ही मर्यादा 1500 वर येते. तिथे 30 ग्रॅम क्रॅकरचे 270 मिलिग्रॅम म्हणजे दिवसाचे 18 टक्के, आणि आपल्या ताटात लोणचं, पापड, चटणी, आमटीतलं मीठ आधीच रांगेत उभं असतं.

चुकतं ते बहुधा जोडीमुळे. पाकिटातलं सूप आणि त्यात क्रॅकर, किंवा क्रॅकरवर चीज स्प्रेड. दोन खारट पदार्थ एकत्र आले की एका बैठकीत हजाराच्या जवळ पोचणं अवघड नाही. सूप घरी करा, त्यात मीठ घालूच नका आणि क्रॅकर चुरून टाका. मीठ क्रॅकरमधून येतं, चव बिघडत नाही. ज्या दिवशी क्रॅकर, त्या दिवशी पापड-लोणचं नाही, हा नियम पाळायला सगळ्यांत सोपा.

कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी संपृक्त मेदाचा रकाना बघावा. पामतेलातला निम्म्याच्या आसपास मेद संपृक्त असतो. सूर्यफूल किंवा कॅनोला तेलातले क्रॅकर मिळाले तर तो आकडा दर 100 ग्रॅमला दोन-चार ग्रॅमने सहज खाली येतो. भूमध्य डाएट करणाऱ्यांनाही हीच अडचण: तिथे चीज चालतं, तेही थोडं, पण तेल ऑलिव्हचं आणि धान्य अख्खं हवं. क्रॅकर दोन्ही ठिकाणी नापास.

किडनीच्या आजारात

इथे लेबल अपुरं पडतं. फॉस्फरसचा आकडा छापणं बंधनकारक नसल्याने तो रकाना बहुधा नसतोच. म्हणून घटकांत आयएनएस 338 ते 341 आणि 450 ते 452 हे क्रमांक शोधा. हे सगळे फॉस्फेट. डाळी-धान्यातला निम्म्याहून कमी फॉस्फरस अंगात शोषला जातो, घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा. त्यामुळे उसळीपेक्षा क्रॅकर जड पडू शकतात, आणि हे फार जणांना ठाऊक नसतं.

‘लो सोडियम’ क्रॅकर घेताना आयएनएस 508 बघा. ते पोटॅशियम क्लोराइड, मिठाची जागा भरायला घातलेलं. रक्तात पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला ते घातक. या आजारात क्रॅकर खायचे की नाही हे आपल्या नेफ्रॉलॉजिस्टला पुडा दाखवूनच ठरवा.

जिम आणि प्रोटीन

फार वेळ घालवायची गरज नाही. 20 ग्रॅम प्रोटीन चीज क्रॅकरमधून मिळवायचं तर 220 ग्रॅम खावे लागतील, सोबत 1100 किलोकॅलरी. तेवढंच प्रोटीन 100 ग्रॅम पनीर किंवा तीन अंडी देतात. व्यायामाआधी पाऊण तास 15 ग्रॅम खाल्ले तर हरकत नाही, पण तेलामुळे जड वाटतं. केळं केव्हाही बरं.

ग्लुटेन, लॅक्टोज, व्हीगन, जैन, उपवास

सिलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांना मैद्याचा एकही तुकडा चालत नाही. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला दर किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. ते लिहिलेलं नसेल तर पुडा खाली ठेवा. लो-फॉडमॅप (पोटात गॅस करणारे कार्ब टाळणारं डाएट) करणाऱ्यांना गव्हातल्या फ्रुक्टान या कार्बपेक्षाही मसाल्यातली कांदा-लसूण पूड जास्त छळते. लॅक्टोज न पचणाऱ्यांना चीजचा त्रास कमी, व्हे पावडर आणि दूध पावडरीचा जास्त. यादीत या दोन्ही असतील तर चार-पाच तुकड्यांपासून सुरुवात करा.

व्हीगन लोकांसाठी दुधाचं चीज असलेला क्रॅकर मुळातच बाद. शाकाहारींनी भारतात हिरवा ठिपका बघावा, तो असेल तर मांस-माशांपासूनही बनणाऱ्या 631 ची चिंता नको. परदेशात तो ठिपका नसतो. घटकांत नुसतं ‘एन्झाइम’ लिहिलेलं असेल तर चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने विरजलेलं असू शकतं. ‘शाकाहारींसाठी योग्य’ अशी खूण शोधा किंवा कंपनीला विचारा. जैन घरांत हिरवा ठिपका पुरत नाही, कांदा-लसूण पूड यादीत हमखास सापडते. आणि उपवासाला, कुणी विचारतं म्हणून सांगतो, मैदा चालत नाही. एकादशीला क्रॅकर खाल्ले तर खुशाल खा, पण त्याला उपवास म्हणू नका.

मुलांचा डबा

शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या 50 मीटरमध्ये मेद, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी मनाई आहे. घरून दिलेल्या डब्याला ती लागू नाही, पण कारण तेच. आठवड्यातून एकदा, छोट्या डब्यात 15 ग्रॅम, आणि मोठ्या डब्यात पोळी-भाजीच. क्रॅकर मोठ्या डब्यात गेले की पोळी-भाजी परत येते.

घरचे ज्वारीचे चीज क्रॅकर

ग्लुटेन टाळणाऱ्यांना हे चालतात, मधुमेह आणि वजनवाल्यांना बाजारातल्यांपेक्षा बरे पडतात.

ज्वारीचं पीठ 100 ग्रॅम, किसलेलं प्रोसेस्ड चीज 50 ग्रॅम म्हणजे दोन क्यूब, बिनमिठाचं लोणी 25 ग्रॅम, पाव चमचा ओवा, तेवढीच भरड मिरपूड. मीठ घालू नका, चीजमध्ये आहे तेवढं पुरतं. हिंगाचा मोह आवरा. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. सिलिअॅकसाठी करत असाल तर गिरणीतून दळून आणलेलं पीठही नको. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू त्याच जात्यातून गेलेले असतात. घरघंटीवर दळा, तीही गव्हाला न वापरलेली, नाहीतर ग्लुटेन-फ्री छापलेलं पीठ आणा.

पिठात लोणी चोळून घ्या, मुठीत दाबल्यावर मुटका व्हायला हवा. चीज, ओवा, मिरपूड मिसळा. आता कडकडीत पाणी चमच्या-चमच्याने, एकूण 60 मिलिलिटरच्या आसपास. ज्वारीला चिकटपणा नसतो, गरम पाण्याने पीठ फुलतं आणि धरून राहतं. गार पाण्याने भिजवलं तर लाटताना कडा फाटतात. झाकून दहा मिनिटं ठेवा, कोमट असतानाच मळा.

दोन प्लास्टिकच्या कागदांत गोळा ठेवून 2 मिलिमीटर जाडीचं लाटा. काट्याने सगळीकडे टोचा, नाहीतर पुऱ्यांसारखे फुगतात. सुरीने चौकोन पाडा. ओव्हन 170 अंशांवर आधी तापलेला हवा. 18 ते 22 मिनिटं, मधे एकदा ट्रे फिरवून. कडेचे आधी होतात, ते काढून घ्या आणि मधले आत ठेवा.

बाहेर काढल्यावर जाळीवर पसरा. ताटात ठेवले तर खालून वाफ धरते आणि ते मऊ पडतात. गार झाल्यावरही मऊ लागले तर 130 अंशांवर आणखी आठ मिनिटं. 2 मिलिमीटरऐवजी 4 लाटले असतील तर मात्र कितीही भाजा, वरून लालसर आणि आतून पिठूळच राहतात.

एकूण साधारण 165 ग्रॅम होतात, जवळपास 680 किलोकॅलरी. 30 ग्रॅमला 125 च्या आसपास, कार्ब सुमारे 13 ग्रॅम, प्रोटीन साडेतीन ग्रॅम. हवाबंद डब्यात पाच-सहा दिवस टिकतात. पावसाळ्यात तीनच दिवस, तेही डब्यात कागदाची घडी घालून. खवट वास आला की लोणी बिघडलं समजायचं, पुन्हा भाजून तो वास जात नाही.